खुशालरावांचं मौन आणि माझी चकली

अमरावती, सोमवार

ती. सौ. सिंधूताईस साष्टांग नमस्कार (गुडघे परवानगी देतात तितकाच).

तुझी कंबर, भाऊजींचा रक्तदाब आणि अकोल्याचं ऊन, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालते. तुझी सून चारुता अजून दवाखान्यात लोकांचे दात उपटते ना? तिला आशीर्वाद. माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त डोकं तापलेलं आहे आणि त्याला कारण एक पुरुष आहे. दचकू नकोस, पुढे वाच.

आमचं बुधवारचं वाचनमंडळ तुला ठाऊक आहे. ललिताच्या हॉलमध्ये आम्ही नऊ बाया जमतो, एक पुस्तक घेतो आणि मी बोलते. (बाकीच्याही बोलतात, पण विषयावर मी बोलते.) दोन महिन्यांपूर्वी तिथे खुशालराव यायला लागले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, विधुर. नाव खुशालराव आणि चेहरा मात्र धरण फुटल्याची बातमी नुकतीच ऐकल्यासारखा. खिडकीशी बसतात, दाढी वाढलेली, ओठ घट्ट मिटलेले, काही विचारलं तर नुसती मान हलवतात. एवढ्या भांडवलावर अख्खं मंडळ पागल झालं. मनकर्णा, जी स्वतःच्या नवऱ्याशी तो बोलत नाही म्हणून तीस वर्षं भांडली, ती माझ्या कानात म्हणते, "किती सोसलं असंन वो त्यायनं!"

ताई, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आपल्या डेस्कखालून ज्या कादंबऱ्या जप्त करायच्या, त्यांतही हाच बाबा होता. काळा कोट, वाईट भूतकाळ, घोडा आणि कुणाशी धड न बोलणं. चौतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवताना मी पोरींना सांगत आले की असला माणूस पुस्तकातच ठेवा, घरात आणू नका. आता नात अश्लेषा मोबाइलवर मालिका बघते, त्यात घोड्याऐवजी मोटरसायकल आहे, बाकी माल तोच. तो नायिकेवर खेकसतो आणि आमची पोर हळहळते, "आजी, तो आतून हर्ट आहे गं." आमचे हे जन्मभर हसतमुख राहिले, भाजी निवडता निवडता गाणी म्हणायचे, त्यांना कोणी खोल म्हटलं नाही. मीसुद्धा नाही. आपण बाया अशा का असतो? बंद दार दिसलं की आत खजिनाच असणार असं वाटतं. अडगळही असू शकते.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. पहिल्याच बुधवारी मी भाजणीच्या चकल्या नेल्या. (माझी चकली मोडल्याचा आवाज शेजारच्या घरात जातो, तू जाणतेस.) खुशालरावांनी एक उचलली, जुन्या पत्राकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं आणि परत ठेवली. पुढच्या बुधवारी ललिताने गिलावडा केला, दह्यात भिजून लोळागोळा झालेला, तर दोन खाल्ले. डोळे मिटून! तेव्हापासून ललिता दर बुधवारी गिलावडा करते आणि नवी साडी नेसते. वर म्हणते, "माह्या हातचं त्यायले लय आवडते." वडा बुडवायला हात कसला लागतो?

म्हणून गेल्या बुधवारी मी 'उदास नायकाचं ढोंग' या विषयावर चाळीस मिनिटं बोलले. मुका माणूस खोलच असतो असं नाही, हा मुद्दा. श्रोते माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघत होते. शेवटी खुशालराव उठले, गालावर हात ठेवला, डोळे मिटले आणि निघून गेले. झालं! आठही जणी माझ्यावर तुटून पडल्या. ललिता तर रडली. यापुढे शालूताईंनी भाषण करू नये, असा ठराव झाला. मंडळ मी काढलेलं, ताई!

दुसऱ्या दिवशी माफी मागायला (चकल्यांचा डबा घेऊन) त्यांच्या घरी गेले. दार पार्बताबाईंनी उघडलं, त्या तिथे स्वयंपाक करतात. म्हणाल्या, "म्याडम, साहेब कोनाशी बोलत नाईत. कवळी ढिली झाली, तोंड उघडलं का घसरते. हिरड्या सुजल्या, दाढीबी करता येत नाई. दोन महिने झाले, मऊ भात कालवून देऊन राहिली मी. पंधरा तारखेले अकोल्याले जातीन नवी बसवाले, चारुता डाक्टरीनबाईकडं."

म्हणजे ते जुनं दुःख, तो भूतकाळ, सगळं एका कवळीत मावत होतं! मंडळाला सांगावं आणि ललिताचा गिलावडा एका वाक्यात आंबट करावा, असं रस्ताभर घोकत आले. पण घरी येऊन एकटीच चकल्या खात बसले आणि अजून कुणाला अवाक्षर बोलले नाही. नऊ जणींत हे फक्त मला माहीत आहे. ललिताला नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
शालू

ता. क. : चारुताला म्हणावं, कवळी अशी पक्की बसव की भाजणीची चकली कडाकड मोडली पाहिजे. शिवाय हे गृहस्थ बोलू लागले की कालवे आणि पाटचाऱ्यांबद्दलच बोलणार. मंडळाची नशा आठवड्यात उतरेल.

आणखी ता. क. : बोलू लागले तर पहिल्यांदा ललिताशी बोलतील, हे आत्ता सुचलं. तेव्हा पंधरा तारखेला मीही अकोल्याला येते आहे. त्यांच्या लगेच नंतरची वेळ माझ्या नावावर ठेवायला चारुताला सांग. माझे सगळे दात शाबूत आहेत हे तिला माहीत आहे. म्हणावं, त्यातला एखादा किडका शोध.