कॉम्प्युटर मुका करण्याची मोहीम

१४ जानेवारी, सकाळी ९
शोल्पान आजही रात्रपाळीवरून थेट तिच्या आईकडे झोपायला गेली. आठवडा झाला. ती ॲम्ब्युलन्सच्या फोनवर बसते. कारागांदा शहरातला प्रत्येक घाबरलेला माणूस रात्रभर माझ्या बायकोच्याच कानात ओरडतो. सकाळी घरी येऊन पडावं, तर माझ्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरतो. आवाजाने झोप लागत नाही म्हणाली. कोणता आवाज, हे विचारायची गरजच नव्हती.
घर खायला उठतं. चहासुद्धा एकट्याला गोड लागत नाही.
संकल्प: पंखा काढायचा, पाण्याने थंड होणारी व्यवस्था बसवायची. ८ मार्चला महिला दिनाची भेट. मग ती घरी झोपेल.

१५ जानेवारी
कॉम्प्युटरवर ऑनलाइन खेळणं सोडणं हाही एक उपाय आहे म्हणा. पण माझी ड्यूटी दुपारी दोनला, सकाळ मोकळी, आणि टीमचा कप्तान मी. माइकवरच्या माझ्या सूचनांशिवाय बाकीचे चौघे पाऊल टाकत नाहीत. जबाबदारी आहे.

१८ जानेवारी
ऑफिसातला रुस्तेम आमच्या टीममध्येच आहे. त्याला बेत सांगितला. म्हणाला, पहिलीच वेळ आहे, तयार जोडलेला संच घे, नळ्यांच्या भानगडीत पडू नकोस. हसू आलं. शहराच्या हीटिंग खात्यात मी वीस वर्षं इंजिनियर. अख्ख्या गावाचं गरम पाणी फिरवतो. हा मला वीतभर नळीची भीती घालतो.

२ फेब्रुवारी
सामान आलं. पंप, रेडिएटर, प्रोसेसरवर बसवायचा तांब्याचा ठोकळा, नळ्या. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन बाल्कनीत ठेवला.

३ फेब्रुवारी
कॅन फुटला. बाहेर उणे अठ्ठावीस. डिस्टिल्ड पाणीही गोठतं. नोंद केली.

९ फेब्रुवारी, सकाळी १०.३०
शेजारी पुन्हा भिंतीवर ठोकतोय. आमचा सामना रंगात आला की नेमके याला खिळे मारायचे सुचतात. लोकांना दुसऱ्याची काही पडलेलीच नाही.

१३ फेब्रुवारी
कॉम्प्युटर खोलून ठेवलाय. तीन दिवस खेळ बंद. शेजारीही गप्प. गावाला गेला असावा.

१६ फेब्रुवारी
जोडणी झाली. पुस्तिकेत लिहिलंय, आधी नुसता पंप चालवा, खाली टिश्यू पेपर अंथरा, चोवीस तास गळती तपासा. हे नवशिक्यांसाठी. मी वीस मिनिटं तपासलं.

१७ फेब्रुवारी
गळती म्हणता येणार नाही. पाझर. सासूबाईंनी लग्नात दिलेल्या गालिच्यावर. गालिचा बाल्कनीत वाळत घातला. आता तो आपला आपण उभा राहतो.
शोल्पानला फोनवर एवढंच सांगितलं की काम जोरात चाललंय.

२४ फेब्रुवारी
सगळं पुन्हा जोडलं. या वेळी पूर्ण चोवीस तास. (स्वतःहून.) टिश्यू कोरडा. पण पंप गुणगुणतो आणि नळीतले बुडबुडे पोट बिघडल्यासारखे बोलतात. पंपाखाली जाड लोकरी नमद्याचा तुकडा घातला. कॉम्प्युटर तासभर डावीकडे-उजवीकडे कलवत बसलो. कंबर धरली.
मध्येच शोल्पानचा फोन. आवाजाबद्दल तिला जरा नीट बोलायचं होतं. मी म्हटलं, मला सगळं ठाऊक आहे, आणि बुडबुडे कसे काढतात ते समजावलं. पंधरा मिनिटं ऐकत होती. मग म्हणाली, बरं.

५ मार्च
जमलं. कान लावला तरी काही ऐकू येत नाही. सकाळभर खेळलो, तीन सामने. आता घरात इतकी शांतता की माझी प्रत्येक सूचना खणखणीत जाते.
शेजारी गावाहून परतलाय. ठोकतोय.

८ मार्च
शोल्पान आणि सासूबाई आल्या. सासूबाईंनी बाउर्साक, म्हणजे कणकेचे गोळे, तळून आणले होते. नळ्या नीट दिसाव्यात म्हणून मी बाजूची काच काढून ठेवली होती. कॉम्प्युटर चालू केला. शोल्पानने कान लावला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. सासूबाईंचे डोळे भरून आले.
घरात चांगलं काही घडलं की आमच्याकडे शाशू उधळतात: मूठभर चॉकलेटं आणि चिल्लर. सासूबाईंनी मूठ वर नेली तेव्हा ऊर भरून आला. काच काढलेली आहे हे नंतर आठवलं.
वीस तेंगेचं नाणं थेट आत. एक ठिणगी, थोडा वास, अंधारलेला पडदा. सासूबाई म्हणाल्या, शुभ असतं हो जावईबापू.

९ मार्च
कॉम्प्युटर दुरुस्तीला दिला. कारण विचारलं, तर "परंपरा" असं सांगितलं.

११ मार्च, दुपारी ३
शोल्पान सकाळी पाळी संपवून थेट घरी आली. झोपली. मी स्वयंपाकघरात नुसत्या मोज्यांवर फिरत होतो, कामावर उशिरा येतो म्हणून कळवलं. अडीचला उठली. चेहरा कसा तजेलदार. मी म्हटलं, बघ, पंखा गेला आणि झोप आली. तिने दूध घालून चहा केला, मला समोर बसवलं.
"पंख्याचं मला कधीच काही नव्हतं रे. उलट त्याने तुझा आवाज थोडा झाकला जायचा. तू ओरडतोस, अमानझोल. झोपेत मला वाटतं कुणी मरतंय आणि मी फोन शोधत उठते."
मी सांगितलं की त्या सूचना असतात. तिने विचारलं, "मेलो, मेलो" ही कसली सूचना?
लाज वाटली.

१२ मार्च
रुस्तेमला गाठलं. खरं सांग म्हटलं, मी ओरडतो का? त्याने आधी कपातला चहा ढवळला.
"आम्ही चौघांनी तुझा आवाज दोन वर्षांपूर्वीच बंद करून ठेवलाय. पण कप्तान तूच हं."
दोन वर्षांत आम्ही बरेच सामने जिंकलोय. त्यावर विचार करायचं टाळतोय.

१३ मार्च, सकाळी ११
दुरुस्तीवाल्याचा फोन. नाणं काढलं, जळलेला भाग बदलला, कॉम्प्युटर तयार आहे, आजच घेऊन जा. आत शोल्पान झोपलेली. मी हळूच म्हटलं, घाई नाही. त्याला ऐकू गेलं नाही. मोठ्याने बोला म्हणाला.
मी पुन्हा तेवढ्याच हळू म्हटलं, घाई नाही.