माझी मीच केलेली शिफारस

२ जानेवारी
ठरलं. या वर्षी युरोप. पाणी शुद्धीकरणात मास्टर्स, तेही पूर्ण शिष्यवृत्तीवर. फी, राहणं, विमान, सगळं त्यांचं. वयाची अट बहुतेक ठिकाणी पस्तीस, म्हणजे माझी ही शेवटची संधी. त्यांचीही.
कॉलेजच्या पाणी तपासणी लॅबमध्ये आठ वर्षं बाटल्यांना लेबलं लावतोय. गाढवाला गुळाची चव काय. बायकोला बातमी सांगितली. ती म्हणाली, आधी मोरीतल्या नळाचा वॉशर बदला.

९ जानेवारी
शोध सुरू. एक शिष्यवृत्ती सापडली, पण अर्धीच. अर्ध्यावर जायला मी काय भिकारी आहे? दुसरी पूर्ण, पण गाव फार लहान. तिसरीला लांबलचक निबंध. रिकामटेकड्यांनी लिहावा. चौथी बरी आहे. निबंध छोटा, शिफारसपत्र एकच, मुदत पंधरा मार्च. भरपूर वेळ आहे.

१८ जानेवारी
ओव्हरकोट घेतला. दादा म्हणाला, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, आधी अर्ज तरी कर. दादाचं जन्मभर असंच, आधी हे, आधी ते. म्हणून अजून त्याच गोदामात खोकी मोजतोय. कोट घालून आरशासमोर उभा राहिलो. घामाघूम झालो, पण प्राध्यापकच दिसत होतो.

७ फेब्रुवारी
मुंगीही त्याच शिष्यवृत्तीला अर्ज करतेय! मुंगी म्हणजे आमच्या लॅबमधली ज्युनिअर. सदा खाली मान, सदा कामात. कुठे निघालीस म्हणून विचारलं तर म्हणते, बघू, झालं तर झालं. याला काय जिद्द म्हणतात? जिद्द चारचौघांत सांगावी लागते. माझी आता न्हाव्यालासुद्धा माहीत आहे.

२० फेब्रुवारी
लॅबमध्ये सिनिअरची जागा निघाली. मी अर्ज केला नाही. जाणाऱ्याने कशाला जागा अडवायची? बायको दिवसभर बोलली नाही. भारावून गेली असावी.

२ मार्च
सरांकडे शिफारसपत्र मागितलं. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. सहीपलीकडे काही लिहायचा त्यांना भयंकर कंटाळा. सगळ्यांना सांगतात तेच मलाही सांगितलं, की तूच लिहून आण, मी सही करतो. वर मुंगीबद्दल म्हणाले, तिचंही लिही, ती लाजते, आणि तुझं इंग्रजी बरं आहे. बरं! आठ वर्षांत एकदा कौतुक केलं, तेही हात आखडून.

११ मार्च
माझं पत्र तयार. चार पानं. ‘अशी बुद्धिमत्ता पिढीत एखाद्यालाच लाभते.’ ‘त्याच्या जाण्याने विभागात कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण होईल.’ बायको म्हणाली, हे कोणी वारल्यासारखं वाटतंय. तिला साहित्य कळत नाही. लिहितालिहिता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. सरांचा माझ्यावर इतका जीव असेल असं वाटलं नव्हतं.

१३ मार्च
मुंगीचं पत्र राहूनच गेलं होतं. विशेषणं सगळी माझ्यात खर्च झालेली. मग जे रोज दिसतं तेच लिहून टाकलं. सगळ्यांच्या आधी येते. निकाल विचित्र आला तर उन्हातान्हात जाऊन पुन्हा पाणी भरून आणते. एकदा तिच्या हातून दोन नमुन्यांची अदलाबदल झाली. कोणाच्या बापाला कळलं नसतं. हिने आपणहून सरांना सांगितलं आणि सुट्टीच्या दिवशी येऊन सगळं परत तपासलं. मशीन बिघडलं की मेकॅनिकची वाट न बघता उघडून बसते. अडलं तर विचारते. संपलं, अर्धं पान.
चुका करते, मशीन उघडते, प्रश्न विचारते! कोण घेणार असल्या मुलीला? जरा वाईट वाटलं, पण खोटं कसं लिहायचं? सरांनी दोन्ही पत्रांवर न वाचता सही ठोकली.

३० एप्रिल
निकाल यायचाय, पण निवड झाल्यातच जमा. सासूबाईंना तसं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, जावईबापू, तिकडे तुमचे कपडे कोण धुणार? यांची उडी धोब्यापर्यंतच. सिनिअरच्या जागेवर बाहेरचा कोणी पोरगेला आलाय. मला ‘काका’ म्हणतो.

२२ मे
मुंगीची निवड झाली. माझी नाही.
निवड समितीने सरांना कळवलंय. तिच्या पत्राबद्दल लिहिलंय, माणूस डोळ्यांसमोर उभा राहिला. माझ्याबद्दल लिहिलंय, चार पानं वाचूनही अर्जदार नक्की काय काम करतो ते समजलं नाही. सरांनी हे सगळ्या लॅबसमोर मोठ्याने वाचलं. आपल्या लेखणीचं कौतुक झालं म्हणून खुशीत होते.
समितीत सगळे ठोंबे भरलेत.
नंतर मुंगी माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, माझ्याकडे कोणी इतकं नीट बघत असेल असं वाटलं नव्हतं. तिचे डोळे भरले होते. मी उगाच बाटल्या पुसत बसलो. फार लागलं मनाला. का, ते कळलं नाही.

४ जून
सरांनी आणखी तिघांना माझ्याकडे धाडलंय. म्हणतात, तुझ्या हाताला यश आहे. तिघांचीही पत्रं लिहून दिली. सोपं असतं, नुसतं बघायचं आणि लिहायचं.
वयाची अट नसलेली एक शिष्यवृत्ती सापडली आहे. या वेळी स्वतःचंही तसंच लिहायचं ठरवलं. अर्धं पान, फक्त जे दिसतं ते. नाव लिहिलं. पुढे ‘सकाळी’ लिहिलं आणि खोडलं. ‘मशीन’ लिहिलं, तेही खोडलं. संध्याकाळपर्यंत नुसतं नावच.
शेवटी बायकोला विचारलं, माझ्याबद्दल तुला दिसतं असं एखादं तरी सांग. टोमणा मारील वाटलं होतं. मारला नाही. ओले हात पुसत उभी राहिली, खरंच आठवत होती. मग म्हणाली, तुमचं अक्षर चांगलं आहे.
पत्र टाइप करून द्यायचं असतं.