ड्रायव्हरच्या जागी कांदे

१५ सप्टें.
कंबर पुन्हा धरली. दिवसभर आमच्या कांदेवाल्या बापूच्या लाल टू-सीटर कारखाली. पुढचा स्प्लिटर, म्हणजे नाकाखालची हवा कापणारी फळी, एकदाचा बसला, कापून कापून जीव गेला. आता पुढची कड जमिनीपासून जेमतेम चार बोटं. आमच्या अंबडच्या रस्त्यावर ही गाडी वर्कशॉपच्या फाटकाबाहेर पडायची नाही. ट्रॅकवर पळायला बनवलेली गाडी, बाकी जगात तिचा काही उपयोग नाही. दिवाळीनंतर ट्रेलरवर घालून कोइमतूरच्या ट्रॅकवर न्यायची, हे बापूनं उन्हाळ्यात ठरवलं. मग त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं. बेत त्यानं रद्द केला नाही. मीही विचारलं नाही.

१८ सप्टें.
सस्पेन्शन लावायला घेतलं. चारही चाकांखाली वजनाचे काटे ठेवले. यासाठी खरं तर ड्रायव्हर सीटवर हवा, त्याच्या वजनानं गाडी कुठे दबते ते बघूनच स्प्रिंगा वर-खाली करायच्या. म्हणजे बापूला बोलवायला हवं. फोन हातात घेतला, ठेवून दिला. ऑपरेशननंतर एकदाच पिंपळगावला भेटून आलो. शाल लपेटून बसला होता. एकदम ओळखूच आला नाही. त्याला काट्यावर बसवायचं माझ्या जिवावर आलं.
उन्हाळ्यात तो मार्केट यार्डातून हलत नव्हता, तेव्हा त्याच्याच कांदाचाळीतल्या दोन गोण्या त्याच्या वजनाइतक्या भरून आणल्या होत्या. कोपऱ्यात पडून होत्या. त्याच सीटवर घातल्या, वरून पट्टा लावला. वास नुसता. पण काम झालं.

२२ सप्टें.
बापूच्या बायकोचा, सुनीतावहिनींचा फोन. तो अंघोळीला गेला असणार, हळू बोलत होत्या.
"रफिकभाऊ, दिवाळीपर्यंत गाडी होऊच देऊ नका. एखादा पार्ट यायचाय म्हणा. डॉक्टरांनी वजन भरेपर्यंत नाही म्हटलंय. रिपोर्टही यायचेत अजून. आमचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील."
बरं म्हटलं. तिकडे बापूचा रोज मेसेज, झाली का, झाली का. मधल्यामध्ये माझं मरण.
घरी बायकोला, जुबेदाला सांगितलं. म्हणाली, "खोटं बोला, पण तुमचं तोंड बघून त्यांना लगेच कळेल."

२६ सप्टें.
जुम्याची नमाज करून आलो आणि वाईट काम केलं. मागचा विंग, डिकीवरची ती आडवी फळी, पाहिजे त्यापेक्षा जास्त उभा केला. म्हणजे हवा जास्त अडणार, सरळ रस्त्यावर वेग चढणार नाही. मागचे टायर जमिनीला घट्ट, त्यामुळे गाडी गरगर फिरायची भीती नाही. फक्त वळणावर नाक वळवायला आळस करणार. डॅम्पर, म्हणजे शॉक-अब्सॉर्बरही मऊ केले. बापू शिव्या देईल, पण त्याला काही होणार नाही. वहिनींना दिलेला शब्द मला असाच पाळता येतो.
चांगली लावलेली गाडी मुद्दाम बिघडवली. जेवण गेलं नाही.

२९ सप्टें.
आलाच. न सांगता. त्यांची रोजची गाडी वहिनींनी चालवत आणली, हा शेजारी. उतरला, टू-सीटरभोवती एक चक्कर मारली आणि विंगपाशी थांबला.
"रफिक, याच्यावर काय गोधड्या वाळत घालायच्या का?"
म्हटलं, हवेचा अंदाज घेतोय.
"लय अंदाज घेतो तू."
वहिनी जमिनीकडे बघत होत्या. त्याला कळलं. माझंही, त्यांचंही. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.
मग पट्टा लावून बसवलेल्या गोण्या दिसल्या. पोटावर हात दाबून हसत सुटला. "मी हाय ना अजून? काढ त्या!"
काढल्या. बूट घातलेलेच, तसाच आत बसला. बसायला वेळ लागला. मी काट्यांकडे बघत होतो. मला वाटलं, आता सगळे आकडे पार बदलणार. हललेच नाहीत. किंचित काहीतरी. काटे बिघडले असं वाटून गोण्या वेगळ्या तोलल्या. अख्खा पावसाळा पत्र्याखाली पडलेला उन्हाळ कांदा, सुकून चांगलाच घटला होता. जन्म नाशकात गेला आणि जुनी गोणी पुन्हा तोलून घ्यायचं मला सुचलं नाही. गाडी जुन्या बापूसाठी लावतोय असं मी समजत होतो. ती आपोआप या बापूला लागली होती.
तो सीटवरूनच म्हणाला, "कांद्याची घट दरसाल धरतो मी. स्वतःची धरायची राहून गेली."
कोणी हसलं नाही. वहिनी नळावर तोंड धुवायला गेल्या. मला रडू यायला लागलं, म्हणून मागच्या चाकापाशी जाऊन वाकलो.

३ ऑक्टो.
विंग होता तसा केला. डॅम्पर मऊच ठेवले, म्हणजे अर्धा शब्द अजून पाळतोय. वहिनींना फोन करून सांगितलं, माझ्याच्यानं होत नाही.
"माहितीये भाऊ," एवढंच म्हणाल्या.
नंतर बापूचा फोन. "मला कोणाला हरवायचं नाय रे. एकदा त्या लांब वळणावर हवेनं दाबलेली गाडी रस्त्याला कशी चिकटते, ते अंगाला कळू दे. मग विकून टाक."
विकायचं बघू म्हटलं. फोन ठेवल्यावर खूप थकल्यासारखं झालं. आज लवकर बंद केलं.

८ ऑक्टो.
वहिनी एकट्या आल्या. शेवभाजीचा डबा. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात. डबा ठेवला आणि विचारलं, "हिची दुसरी सीट कुठंय?"
वजन कमी करायला काढून टाकलीये, माळ्यावर आहे, म्हटलं.
"बसवा."
मी कारणं सांगत बसलो. गाडी जड होईल, सगळं पुन्हा लावावं लागेल, तिथे शेजारी माणूस बसू देतात की नाही तेही माहीत नाही.
"मग विचारून घ्या. रिपोर्ट वाईट आले तर कोणीच जायचं नाही. चांगले आले तर मी शेजारी. एकटे नाही जाणार ते."
दारातून परत वळल्या. "आणि मोजायचं असेल तेव्हा मला बोलवा. माझ्या जागी कांदे नकोत."

११ ऑक्टो.
सीट बसवली. दोघं आले. आधी बापू एकटा बसला. मग वहिनी ओढणी सावरत, डोकं वाकवून कशाबशा आत शिरल्या. त्या बसल्यावर डाव्या-उजव्या बाजूचे आकडे जवळजवळ जुळले. माझा सगळा वाद फुकट गेला.
बापू आतून ओरडला, "माझं किती? वाढलं का?"
तेवढंच आहे, म्हटलं.
मागच्या वेळेपेक्षा कमी भरलं होतं. फार नाही. पण आज तो चपला बाहेर काढून बसला होता, त्या दिवशी पायात बूट होते. तेवढाच फरक असेल. मी खाली बसून कमी वजनावरच स्प्रिंगा आवळल्या.