पोटावरचा निळा ठिपका

१२ जाने. ८७
नात झाली. सुनेच्या, रोझीच्या माहेरी, माणिकपूरला. जावळ काळंभोर, नाक आमच्या जोसूचं. जोसू मस्कतला, त्याला स्वतःचं नाक कधी दिसायचं. मी बघून आले, उभ्याउभ्याच. विहीणबाई म्हणाल्या, "बसा की, घाई कसली?" काय सांगू, शौचाच्या जागी गाठ आहे, बसवत नाही म्हणून? बाळंतिणीच्या घरात? शेजारच्या मार्थाला तेवढं ठाऊक.

१९ जाने.
मुंबईच्या इस्पितळात. मार्था बरोबर. डॉक्टरबाई म्हणाली, "आजी, आत्ता कापलं तर खालची वाट कायमची बंद, पोटावर भोक आणि पिशवी. आधी सलाईनमधून औषध देऊ. गाठ आकसली तर वाट वाचेल कदाचित." म्हटलं द्या. पिशवी घेऊन चर्चमध्ये मिस्साला कोणाच्या शेजारी उभी राहू, वास आला तर...

२ फेब्रु.
तोंड आतून सोललंय. पेजही झोंबते. केळीचा घड पिकला, खाणार कोण. औषधाने रक्त कमजोर होतं म्हणे, कोणाचा साधा खोकलाही बाधेल. म्हणून मिस्सा बंद, बाळाकडे जाणं बंद. कोंबड्यांशी बोलते. तांबडी फार आगाऊ, उलटून बोलते.

२२ फेब्रु.
आज बाळाचा बाप्तिस्मा. मी घरी. दुपारी कुंपणापाशी रिक्षा थांबली, रोझी बाळाला घेऊन.
"आई, लांबूनच बघा हां, हिला सर्दी आहे. मार्थामावशींनी सगळं सांगितलं. मला का नाही बोललात?"
मी टाचा उंचावून बाळ बघितलं. मग म्हणाली, नाव कातरीन ठेवलंय. माझंच. वेडी कुठली. रिक्षा गेल्यावर अंगणात एकटीच हाक मारून बघितली, कातरीन, कातरीन. तांबडी धावत आली.

२३ मार्च
डॉक्टरबाईने बोटाने तपासलं. लाज गेली ती गेलीच. "आकसलीय, आजी. वाट वाचते का ते आत गेल्यावरच कळेल." बाहेर मार्था म्हणते, "आता तरी हस गो, तोंड बघ, सुक्या बोंबलासारखं."

६ एप्रिल
भरती झाले. सिस्टरने पोटावर निळ्या शाईचा ठिपका काढला, पिशवी लागलीच तर इथे. मी म्हटलं, तिथे तर मी लुगडं खोचते. तिला काय ठाऊक आमचं लाल लुगडं. म्हणाली, नेसून दाखवा. नेसले. उभ्या राहा, उशीवर बसा, वाका. अख्खा वॉर्ड बघतोय, जशी नवरीच. ठिपका बोटभर वर सरकला. मार्था घरी गेली. शेजारच्या खाटेवरची बाई गुजराती, नुसती हसते.

७ एप्रिल
उद्या ऑपरेशन. रक्त आता बरं, म्हणून रोझीने बाळ मांडीवर दिलं. केवढी जड झालीय. मांडीवर आल्यावर ध्यानात आलं, मी बसलेय. उशी न घेता. किती दिवसांनी. कातरीन हसते, पाय झाडते, टाच नेमकी त्या ठिपक्यावर.
"घेऊ का आई, लागत असेल."
म्हटलं, मारू दे. शाई पुसली तर सिस्टर पुन्हा काढील.