जोसेफला जिन्यात मारलं

मंगळवार, संध्याकाळ

कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कक्षात मी पोरांचे व्हिसाचे कागद बघते, मारामाऱ्या नाही. पण दुपारी जोसेफचा फोन आला, "मॅडम, दार तोडतायत."

टांझानियाचा पोरगा, वाकडला भाड्याने राहतो. सोसायटीत कुणाचा तरी मोबाइल हरवला आणि सगळ्यांनी नाव घेतलं ते याचंच. मी पोचले तेव्हा सोसायटीतले चौघं त्याला जिन्यातून फरफटत आणत होते. एकाने हेल्मेट त्याच्या तोंडावर हाणलं. तो आवाज... नारळ फुटल्यासारखा.

"सोडा त्याला! आमचा विद्यार्थी आहे!"

"मग कॉलेजातच ठेवा ना, ताई," म्हणत हेल्मेटवाल्याने पुन्हा हात उगारला. मी मधे घुसले आणि त्याच्या मनगटाला कडकडून चावले. तोंडात रक्ताची चव आली. मी चावले? आणि बरं वाटलं, हे कुणाला सांगू?

तो मनगट धरून मागे सरला, तशी मी जोसेफला ओढून रिक्षात घातलं. दवाखान्यात त्याला टाके घालतानाही तो आवाज कानातून जाईना. तेवढ्यात संचालकसरांचा फोन, "कॉलेजचं नाव नको. मिटवून टाका."

मी चौकीत तक्रार दिलीच. हवालदार म्हणाले, "तेही तुमच्यावर करतील, चावल्याची."

"करू देत."

आत्ता जोसेफ आमच्या घरी आहे. जबडा नीट उघडत नाही, म्हणून आई त्याला वरणाचं पाणी चमच्याने पाजतेय. मगाशी त्याने विचारलं, "घरी व्हिडिओ कॉल केला तर आई चेहरा बघेल. काय सांगू?"

"खरं सांग," म्हटलं.

फोन हातात धरून बसलाय. अजून लावलेला नाही.