गोळी घेऊन तू माझी वाट बघायचीस

प्रिय शालन,

दचकलीस ना? जन्मात कधी तुला नावानं हाक मारली नाही. 'अगं ए' एवढ्यावर आपला संसार झाला. पण आज दवाखान्यातून आलोय ते मान खाली घालून, आणि प्रकाशला काही सांगायची हिंमत होत नाही. म्हणून तुलाच लिहितोय.

आपल्या सुनेला, रेणुकाला साखर निघाली आहे. तुझ्यासारखीच जेवणाआधीची गोळी सुरू झाली आहे. काल दुपारी मी उशिरा घरी आलो, तर ही ओट्याला धरून उभी! हात थरथरत होते, घामानं पदर भिजला होता. म्हटलं, "काय झालं गं?" तर म्हणे, "काही नाही मामा, हातपाय धुवा, भाकरी वाढते." जेवलीस काय विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही जेवल्याबिगर मी कशी जेवू?"

प्रकाश ड्यूटीवर होता, म्हणून आज मीच तिला घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई अगदी तरुण. तिनं कानडीत विचारलं, "गोळी घेतल्यावर जेवता कधी?" रेणुकाच्या आधी मीच म्हणालो, "मी घरी आलो की जेवते." बाईंनी माझ्याकडं बघितलं. "आणि तुम्ही कधी येता, अज्जा?"



मग तिनं समजावून सांगितलं. ही गोळी घेतली की जेवण वेळेवर पोटात जायला पाहिजे. नाहीतर साखर एकदम उतरते. हात कापतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. तसं झालं की लगेच साखर किंवा गूळ खायचा, आणि मग जेवून घ्यायचं. मी मध्येच म्हणालो, "साखरेच्या माणसानं साखर खायची?" ती म्हणाली, "तेव्हा खायचीच. तेव्हा तेच औषध."

शालन, तिथंच मला आपलं फडताळ आठवलं.

आठवतंय तुला, अळणावरची आमची अक्का आली होती तो दिवस? सगळे गप्पा मारत बसलो होतो आणि तू आत फडताळाकडं तोंड करून साखरेची चिमूट तोंडात टाकत होतीस. मी बघितलं आणि केवढ्यानं ओरडलो, "ही बघा आमची साखरचोर!" अक्का हसली, तिची पोरं हसली. तूही हसलीस, पदरानं कपाळ पुसत पुसत. त्या घामाचा अर्थ आज कळला मला!

बरं, तेवढ्यावर थांबलो का? साखरेचा डबा नेऊन माळ्यावर ठेवला. तुझा हात पोचणार नाही हे ठाऊक असून ठेवला. वर कट्ट्यावर जाऊन सांगितलं, बायकोचं पथ्य मी असं सांभाळतो!

आणि माझं पथ्य कोण सांभाळत होतं? मला बीपी म्हणून तू आमटी दोन भांड्यांत करायचीस. माझ्यातलं मीठ कमी. तिला चव यावी म्हणून लसूण जास्त, वर लिंबू. लोणचं, पापड माझ्या ताटाजवळ फिरकू द्यायची नाहीस. मी मात्र आपल्या इथल्या लॅमिंग्टन रोडला, सुतारकाम सोडलं तरी आधी काम करायचो त्याच दुकानाच्या कट्ट्यावर बसून चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी हाणत होतो. तिथून बसनं रायापूरला घरी येईपर्यंत दुपार कलायची. पोट भरलेलं असायचं. म्हणजे जो जेवून आलाय, त्याच्यासाठी तू उपाशी थांबत होतीस! आणि त्यातही मी अर्धी भाकरी टाकून उठलो की तू म्हणायचीस, "का हो, आज चव नव्हती काय?"

कट्ट्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला मी काय विचारत होतो माहीत आहे? "ऊट आयत्रि?" जेवण झालं का? आपल्या गावात रामराम म्हणावं तसं सगळेच विचारतात. पोस्टमनला विचारलं, भंगारवाल्याला विचारलं. तुला एकदाही विचारलं नाही गं.

कधी कधी तुझाच राग येतो. का नाही बोललीस तू? एवढी भांडायचीस भाजीवाल्याशी, मला का नाही झापलंस? पण मग आठवतं, बोलली होतीस. "मला जरा गरगरतंय, लवकर येता काय?" असं म्हणाली होतीस. मी चपला घालता घालता म्हणालो होतो, "खाऊन घे की, तुला कुणी धरलंय?" आणि एकदा खरंच जेवून घेतलंस, तर ताटावर बसून मी काय म्हणालो? "झालं का राणीसाहेबांचं?" त्यानंतर तू कधी आधी जेवली नाहीस.

तू गेल्यावर रेणुकाला मेथीच्या डब्यात गुळाचा खडा सापडला. तेव्हासुद्धा मी म्हणालो, बघा, शेवटपर्यंत सवय सुटली नाही! चार माणसांत म्हणालो. जीभ झडली नाही माझी.

तू हृदयविकारानं गेलीस, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या रोजच्या उपाशी थांबण्याचा त्याच्याशी काही संबंध होता का, हे आज त्या बाईंना विचारायचं होतं. ओठांपर्यंत आलं. नाही विचारलं. भ्यालो.

घरी आल्यावर पहिल्यांदा साखरेचा डबा माळ्यावरून खाली काढला आणि ओट्यावर ठेवला. मग रेणुकाला म्हटलं, दोन ताटं वाढ. ती ऐकेना. "असू दे मामा, मी मागनं बसते." मी हात मांडीवर ठेवून बसलो. म्हटलं, तू पहिला घास घेतल्याशिवाय मी भाकरीला हात लावणार नाही. पोरगी लाजत बसली, भाकरी मोडली, मुळ्याच्या कोशिंबिरीबरोबर खाल्ली. खाता खाता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आमटीकडं बघत राहिलो. तीही तिनं दोन भांड्यांत केली होती.

आता ऐक. मी रोज वेळेवर घरी येईन असं वचन देत नाही. माझ्या येण्यावर कुणाचा घास अडकावा, हीच तर चूक होती. मी येवो न येवो, गोळी घेतली की रेणुका जेवणार. माझं ताट झाकून ठेवेल, मी वाढून घेईन. कट्ट्यावरचं भजं सोडलं. आणि बाहेर असलो तर फोन करून, घरी असलो तर दारात उभं राहून, ती गोळी घेईल त्या वेळेला रोज विचारणार, "ऊट आयता?" तिचं 'होय' कानावर पडेपर्यंत पुढची गोष्ट नाही.

शालन, तुझं जेवण झालं होतं का गं?

ज्याच्यासाठी तू थांबलीस तो,
प्रकाशचा अप्पा