डाळिंबाच्या सालींत बुडालेलं कफन

राबिघ, सौदी अरेबिया

प्रिय अस्माआपा,

रमजानपासून तू अम्मीशी बोलली नाहीस. माझे फोन कापतेस, म्हणून लिहिते. जिवंत आईचं कफन रंगवून मी त्याचा बाजार मांडला, असं तू गावभर सांगितलंस. आता माझंही ऐक.

शेजारच्या यूनबाई कोरियाच्या, नवरा रिफायनरीत इंजिनिअर. तुतीच्या सालीचा कागद, त्याच्या पट्ट्या पिळून सूत, त्या सुताचं कापड, हे त्यांच्याकडचं जुनं कसब. ते कापड त्यांनी मागवलं आणि आम्ही बायकांनी अंगणात पातेली चढवली. डाळिंबाच्या साली, कांद्याची टरफलं, मंजिष्ठ. रंगवलेल्या कापडाचे कुराणावर चढवायचे गिलाफ शिवून मक्केच्या दुकानांत द्यायचे. अम्मी खुर्ची टाकून हुकूम सोडायची, "अगो, जोरात ढवळ, आमटी नाय ती!"

मक्केहून उमरा करून आल्यावर आपल्याकडच्या म्हाताऱ्या करतात तसं तिने आपलं कफन जमजमच्या पाण्याने धुतलं आणि अंगणातल्या दोरीवर टाकलं. शेजारीच कोरं कागदी कापड वाळत होतं. यूनबाईंना काय ठाऊक? त्यांनी दोन्ही उचलून सालींच्या पातेल्यात बुडवली. चूक कळल्यावर त्या रडायलाच लागल्या. अम्मी त्या पिवळ्याजर्द कापडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बघा गो, या वयात मला परत हळद लागली!"

कात्री तिनेच मागितली. नातवंडांसाठी त्या कफनाचे गिलाफ तिनेच शिवले. त्यातला एकही विकलेला नाही. तू न उघडता परत पाठवलेलं पार्सल तिच्या हातचं होतं.

कापडाला रंग लागला म्हणून आईशी बोलू नये, हे कुठल्या किताबात लिहिलंय? दाखव मला. मी शोधलं, मला कुठेच सापडलं नाही. तुझे कान भरणाऱ्यांपैकी एकीने तरी अम्मीची तब्येत विचारली का? लोकांच्या तोंडाला घाबरून आईला तोडायचं आणि त्याला धर्म म्हणायचं? मी त्याला भित्रेपणा म्हणते, आपा, आणि तुझ्या तोंडावर म्हणेन.

त्यासाठी तू इथे यायला हवीस. अम्मी इस्पितळात आहे. डॉक्टर कीर्ती साताऱ्याच्या, त्यांनी मला खोटी आशा दाखवली नाही. "बहिणीला बोलावून घ्या," एवढंच म्हणाल्या. तुझ्या व्हिसाचं तुझा मेहुणा जलाल बघतोय. भांडायचं तर येऊन भांड. अम्मी आता माणसं ओळखत नाही. मी उशाशी बसले की माझा हात धरून विचारते, "अस्मा, आलीस?" आणि मी हो म्हणते.

तुझीच,
सफूरा